सरकारची ग्रांट आणि मंडळीची शाळा
(मंडळ्यांतील अभ्यासवर्गासाठी एक पाठ)

वाचन: एज्रा अध्याय 6, 7 व 8, दानीएल अध्याय 1.



आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत शाळेची गोष्ट निघाली म्हणजे दोन प्रकारचे बोलणे ऐकू येते. एकजण म्हणतो, "शाळेला ग्रांट आहे, मास्तरांचा पगार सरकार देते, मग मंडळीने वर्गणी कशासाठी द्यावी?" दुसरा म्हणतो, "ज्या शाळेने सरकारचा पैसा घेतला ती शाळा सरकारची झाली. तीत प्रभूचे नाव आता कोठे उरले?" पहिल्याने आपले ओझे सरकारच्या खांद्यावर टाकून दिले आहे, दुसऱ्याने आपली शाळाच टाकून दिली आहे. दोघांच्याही बोलण्याच्या मुळाशी एकच चूक आहे, ती ही की ग्रांटीने काय विकत घेतले जाते व काय घेतले जात नाही याचा त्यांनी विचार केलेला नाही. तो विचार शास्त्राच्या, इतिहासाच्या व देशाच्या कायद्याच्या आधारे करावा, हा या पाठाचा हेतू आहे.

1. शास्त्रातील उदाहरणे

बाबेलच्या बंदिवासातून परत आलेल्या लोकांनी मंदिर व नगर पुन्हा उभारले, तेव्हा परक्या राजाच्या मदतीचा प्रश्न त्यांजपुढे एकदा नव्हे, अनेकदा आला. आणि प्रत्येक वेळी त्यांनी एकच उत्तर दिले नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

दारयावेश राजाने नदीपलीकडील प्रांताच्या वसुलातून मंदिराचा खर्च द्यावा असा हुकूम केला, आणि तो खर्च त्यांनी घेतला (एज्रा 6). पुढे अर्तहशश्त राजाने आपल्या खजिनदारांस लिहिले की, एज्रा मागेल ते शंभर किक्कार रुप्यापर्यंत द्यावे. त्याबद्दल एज्राने देवाचा धन्यवाद केला (एज्रा 7). परंतु त्याच एज्राला वाटेच्या रक्षणासाठी राजाजवळ घोडेस्वार मागण्याची लाज वाटली, कारण आपला देव आपणांस राखतो असे त्याने राजास सांगितले होते; म्हणून त्याने उपास करून प्रार्थना केली (एज्रा 8). नहेम्याने मात्र राजाची पत्रे, लाकूड व स्वार ही सर्व स्वीकारली (नहेम्या 2). आणि जेव्हा आसपासचे लोक, ज्यांच्या मनात कपट होते, "आम्हीही तुमच्याबरोबर बांधू" असे म्हणत आले, तेव्हा जरुब्बाबेलाने त्यांचा हात बांधकामात घेतला नाही (एज्रा 4).

यावरून नियम असा दिसतो. राज्यकर्त्याकडून साहाय्य घेणे हे स्वतः पाप नव्हे, आणि ते नाकारणे हे स्वतः पुण्य नव्हे. त्या साहाय्याबरोबर कोणती अट येते, आणि ते घेतल्याने आपली साक्ष खोटी ठरते काय, हे पाहावयाचे असते.

दानीएलाचे उदाहरण दुसऱ्या बाजूचे आहे. तो व त्याचे सोबती राजाच्याच शाळेत होते. राजाच्या खर्चाने खास्द्यांची विद्या व भाषा शिकले, आणि चांगले शिकले. विद्येला त्यांनी नकार दिला नाही. ज्या अन्नाने आपण विटाळू असे त्यांना वाटले तेवढे अन्न मात्र त्यांनी नाकारले. तेही भांडून नव्हे, तर अधिकाऱ्यास विनंती करून व दहा दिवसांची परीक्षा पाहावी असे म्हणून. सरकारी शाळेत जाणाऱ्या आपल्या मुलांस या अध्यायाहून चांगला धडा क्वचितच सापडेल.

2. 1854 चा खलिता

आपल्या प्रांतात मिशनच्या शाळा सरकारच्या ग्रांटीहून जुन्या आहेत. अमेरिकन मिशनरी 1813 साली मुंबईस उतरले. 1824 साली त्यांनी तेथे मुलींची शाळा काढली. 1831 साली अहमदनगरास काम सुरू झाले. डॉ. जॉन विल्सन 1829 साली मुंबईस आले. त्या काळी सरकारच्या शाळा वेगळ्या आणि मिशनच्या वेगळ्या असत; एकीत धर्मशिक्षण नाही, दुसरीस सरकारी पैसा नाही. गव्हर्नर एल्फिन्स्टन साहेबांनी तर 1824 च्या सुमारास असे मत दिले होते की, मिशनऱ्यांस खालच्या मानलेल्या जातींतील मुले उत्तम विद्यार्थी म्हणून मिळतात हे खरे, परंतु शिक्षण प्रथम त्या जातींत रुजले तर ते वर पसरणार नाही, म्हणून सरकारने त्यांस विशेष उत्तेजन देताना सावध असावे. आपले पूर्वज कोणत्या दाराबाहेर उभे होते हे या एका मतावरून समजते.

19 जुलै 1854 रोजी विलायतेहून जो शिक्षणविषयक खलिता आला, ज्यास वुड साहेबांचा खलिता म्हणतात, त्याने ही स्थिती पालटली. प्रत्येक इलाख्यात शिक्षणखाते नेमावे, मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे विद्यापीठे स्थापावी, आणि खासगी शाळांस सहायक अनुदान द्यावे, असे त्यात ठरले. या अनुदानासच आपले लोक 'ग्रांट' म्हणतात. त्याच्या अटी मुख्यतः चार होत्या: शाळेत लौकिक विषयांचे चांगले शिक्षण मिळावे, तिच्यावर जबाबदार स्थानिक व्यवस्था असावी, सरकारी तपासणी तिने मान्य करावी, आणि विद्यार्थ्यांकडून थोडी का होईना फी घ्यावी.

परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे कलम वेगळेच आहे. शाळेत कोणता धर्म शिकवितात याची दखल तपासनिसाने मुळीच घेऊ नये, असे त्या खलित्यात सांगितले होते. म्हणजे सरकारने ग्रांट दिली ती गणितास, वाचनास, भूगोलास दिली. शुभवर्तमानास दिली नाही, आणि शुभवर्तमानास आडकाठीही केली नाही. सरकारच्या स्वतःच्या शाळांत मात्र शिक्षण केवळ लौकिक राहावयाचे होते. बायबल पुस्तकालयात ठेवता येई, आणि एखाद्या विद्यार्थ्याने आपण होऊन शाळेच्या वेळेबाहेर शिक्षकास विचारले तर उत्तर देण्यास बंदी नव्हती, इतकेच. 1857 च्या बंडानंतर काही धार्मिक इंग्रज अधिकाऱ्यांनी सरकारी शाळांत बायबलचा वर्ग असावा असा आग्रह धरिला, तो 1859 च्या खलित्याने मान्य झाला नाही. आज मागे पाहता तो नकार योग्यच होता असे म्हणावे लागते. कारण राज्यकर्त्यांच्या हुकुमाने शिकविलेला विश्वास हा विश्वास राहत नाही, आणि आज ज्या सत्तेने आपला धर्म शाळेत शिकविला ती उद्या दुसऱ्याचा शिकवू शकते.

3. ग्रांटीमुळे काय मिळाले व काय धोक्यात आले

मिळाले ते थोडे नव्हे. 1856 साली धारवाड येथे एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला, तो त्यास मिळाला नाही. 1858 साली कोर्ट ऑफ डायरेक्टर्सने सरकारी शाळा सर्व वर्गांस खुल्या आहेत असे तत्त्व सांगितले खरे. परंतु कागदावरील तत्त्व आणि गावातील ओटा यांत पुष्कळ अंतर होते, आणि पुढे अनेक वर्षे अशी मुले शाळेच्या बाहेर किंवा व्हरांड्यात बसली. अशा वेळी ज्या मिशन शाळेत ती मुले आत बसत, त्या शाळेस ग्रांटीने बळ दिले. मिशन शाळांचा लाभ मंडळीबाहेरही गेला. जोतीराव फुले पुण्यातील स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, 1848 साली त्यांनी मुलींची शाळा काढली, आणि 1882 साली हंटर कमिशनपुढे त्यांनी हेच गाऱ्हाणे मांडले की, कर रयत भरते आणि शिक्षण वरचे लोक घेतात. म्हणून प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे.

आता धोक्याची बाजू. मुंबई इलाख्यात 1860 नंतर 'निकालावर ग्रांट' ही पद्धत आली. इन्स्पेक्टर येई, एकेका मुलाची वाचन, लेखन व गणित यांत परीक्षा घेई, आणि किती मुले उतरली त्यावर ग्रांट ठरे. ज्या विषयाची परीक्षा नाही त्यास पैसा नाही. तपासनीस धर्माची दखल घेत नसे, हे जसे आपले संरक्षण होते तसेच ते मोहाचे कारणही झाले. कारण शाळेचा पगार ज्या विषयांवर अवलंबून, त्या विषयांकडे मास्तराचा जीव ओढला जाणे स्वाभाविक आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी ती पद्धत गेली, परंतु तिने शिकविलेला धडा गेलेला नाही. शाळेतील धर्मशिक्षण बहुधा सरकारने बंद केल्याने मरत नाही. मंडळीने त्याची विचारपूस सोडली म्हणजे मरते.

दुसरा प्रश्न इतरांच्या सद्सद्विवेकबुद्धीचा. गावात एकच शाळा, ती मिशनची, आणि तीत बायबलचा तास सर्वांस सक्तीचा. मग ज्या आईबापास तो नको त्याने मुलास कोठे पाठवावे? हंटर कमिशनने यावर अशी शिफारस केली की, जेथे त्या दर्जाची दुसरी शाळा नाही तेथे आईबापांनी मुलास धर्माच्या तासातून काढून घेतले तरी शाळेचे इतर लाभ त्यास मिळावे. पुष्कळ मिशनरींस हा नियम कडू वाटे. पण ज्याने आपल्या बाळास दुसऱ्याच्या देवळातील विधीस बसविले जाऊ नये असे वाटते, त्याने दुसऱ्याच्या बाळासाठीही तेच मागावे; लोकांनी आपणांशी जसे वागावे असे वाटते तसे आपण त्यांजशी वागावे, असे प्रभूने सांगितले आहे.

4. विलायतेतील मंडळ्यांचे मतभेद

प्रॉटेस्टंट मंडळ्यांचे या प्रश्नावर कोठेही एकमत नव्हते, हेही जाणून असावे. इंग्लंडात 1870 च्या कायद्याने लोकनियुक्त मंडळांच्या शाळा निघाल्या. त्यांत कोणत्याही एका पंथाचे प्रश्नोत्तरशिक्षण देण्यास बंदी झाली. 1902 च्या कायद्याने चर्च ऑफ इंग्लंडच्या शाळांस स्थानिक करातून मदत मिळू लागली, तेव्हा बॅप्टिस्ट पाळक डॉ. जॉन क्लिफर्ड यांच्या पुढारपणाखाली अनेकांनी तो कर भरण्याचे नाकारले. कित्येकांचे सामान लिलावात गेले व काही तुरुंगातही गेले. उलट स्कॉटलंडात 1872 च्या कायद्यानंतर तेथील प्रेसबिटेरियन मंडळ्यांनी आपल्या बहुतेक शाळा आपण होऊन लोकनियुक्त मंडळांच्या हाती सोपविल्या. एकाच शास्त्रावर विश्वास ठेवणाऱ्या लोकांनी असे निरनिराळे मार्ग धरिले. तेव्हा आपल्या गावच्या बंधूचे मत वेगळे असले तर त्यास अविश्वासू म्हणण्याची घाई कोणी करू नये.

5. राज्यघटना काय सांगते

26 जानेवारी 1950 पासून आपल्या देशात राज्यघटना लागू आहे. तिची शाळेसंबंधी कलमे प्रत्येक उपदेशकास ठाऊक असावी. थोडक्यात ती अशी:

(अ) जी शाळा पूर्णपणे सरकारी पैशावर चालते, जशी जिल्हा परिषदेची शाळा, तीत कोणत्याही धर्माचे शिक्षण देता येत नाही (कलम 28).

(आ) जी शाळा सरकारमान्य आहे किंवा सरकारी मदत घेते, तीत धर्मशिक्षण देता येते. परंतु कोणासही त्याच्या संमतीवाचून, आणि अज्ञान मूल असल्यास पालकाच्या संमतीवाचून, त्या शिक्षणास किंवा उपासनेस बसविता येत नाही (तेच कलम).

(इ) सरकारी मदत घेणाऱ्या शाळेने केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषा या कारणावरून कोणा नागरिकास प्रवेश नाकारू नये (कलम 29).

(ई) अल्पसंख्याकांस आपल्या पसंतीच्या शाळा स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क आहे. आणि मदत देताना, ही शाळा अल्पसंख्याकांची आहे एवढ्यावरून सरकारने तिच्याशी भेदभाव करू नये (कलम 30).

हे हक्क कागदावरचे नाहीत, याचे एक उदाहरण आपल्याच प्रांतालगतचे आहे. गुजरातेत प्रेसबिटेरियन मंडळीचे एक संयुक्त मंडळ होते. ते 42 प्राथमिक शाळा चालवीत असे, आणि त्या शाळांस शिक्षक मिळावे म्हणून त्याचे एक अध्यापन-विद्यालयही होते. त्या वेळी गुजरात मुंबई राज्यात होता. 1955 साली सरकारने हुकूम काढला की, अशा खासगी विद्यालयांनी शंभरांपैकी 80 जागा सरकार पाठवील त्या उमेदवारांसाठी ठेवाव्या. न ठेविल्यास ग्रांट व मान्यता जाईल. सरकारचा हेतू वाईट होता असे नाही. शाळा वाढत होत्या आणि शिक्षित मास्तर हवे होते. परंतु 80 जागा गेल्या म्हणजे मंडळीच्या 42 शाळांसाठी शिक्षक कोठून यावे? ज्या कामासाठी विद्यालय उभारले तेच काम त्याच्या हातून निघून जात होते.

मंडळीने ग्रांट वाचावी म्हणून मान तुकविली नाही, आणि रागाने विद्यालय बंदही केले नाही. ती न्यायालयात गेली. 1962 साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, कलम 30 चा हक्क खरा हक्क आहे. शाळा चांगली चालावी, तिचा दर्जा टिकावा, यासाठी सरकारने नियम करावे. परंतु ग्रांट व मान्यता काढून घेण्याची भीती घालून तो हक्कच पोकळ करता येणार नाही. याआधी 1958 साली केरळच्या शिक्षण-विधेयकावर मत देताना त्याच न्यायालयाने दुसरी बाजूही सांगितली होती: शाळा चालविण्याच्या हक्कात ती वाईट चालविण्याचा हक्क येत नाही. ही दोन्ही वाक्ये जोडीने लक्षात ठेवावी. पहिले आपणांस धीर देते, दुसरे आपली झडती घेते.

आपल्या हक्काची सीमाही पाहावी. 1954 साली नाशिक जिल्ह्यातील देवळाली येथील एका अँग्लो-इंडियन शाळेच्या खटल्यात न्यायालयाने, ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशा मुलांस इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घेऊ नये हा सरकारचा हुकूम रद्द केला. म्हणजे ज्या कलमाने सरकारचा हात अडविला, तेच कलम आपल्या दारासही लागू आहे. आपल्या समाजातील मुलांस काही जागा राखण्याची मोकळीक न्यायालयाने पुढे 1991 साली मान्य केली, परंतु दार लावून घेण्याची मोकळीक दिली नाही. तसेच 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यातून अल्पसंख्याकांच्या शाळा 2014 च्या निकालाने वगळल्या गेल्या. त्या निर्णयाविषयी 2025 साली न्यायालयाच्याच एका पीठाने शंका प्रदर्शित केली. तेव्हा सवलतीवर डोके ठेवून झोपी जाणे शहाणपणाचे नाही. गरिबाच्या मुलास आत घेण्यासाठी ख्रिस्ती शाळेस कायद्याने ढकलावे लागावे, ही गोष्ट आपणांस भूषणावह नव्हे.

6. मंडळीचे कर्तव्य

आता या सर्वांतून खेड्यातील मंडळीने काय घ्यावे?

पहिले, ग्रांटीने पंतोजीचा पगार भागतो. आईबापांचे कर्तव्य भागत नाही. देवाची वचने घरी बसता, वाटेने चालता, निजता व उठता मुलांस शिकवावी, ही आज्ञा इस्राएलाच्या आईबापांस दिली होती (अनुवाद 6). ती कोणत्याही शाळाखात्याकडे सोपविता येत नाही. ज्या घरी सायंकाळी प्रार्थना नाही, त्या घराने शाळेत धर्म उरला नाही अशी तक्रार करू नये.

दुसरे, आपल्या शाळेत शास्त्राचा तास असल्यास तो शाळेच्या आरंभी किंवा शेवटी ठेवावा, आणि पालकांची संमती लेखी घेऊन दप्तरी ठेवावी. ज्याने संमती दिली नाही त्याच्या मुलाकडे मास्तराने वाकड्या नजरेने पाहू नये. त्यास गुणही कमी देऊ नये.

तिसरे, जो बंधू मास्तर आहे व उपदेशकही आहे, त्याने दोन्ही कामांच्या वेळा वेगळ्या राखाव्या. शाळेच्या वेळेबद्दल त्यास सर्व जातिधर्मांच्या लोकांच्या करातून पगार मिळतो. ती वेळ त्या सर्वांच्या मुलांची आहे. चांगले शिकविणे हीच त्या वेळेची त्याची साक्ष.

चौथे, हजेरीपट खरा असावा. ग्रांट वाढावी म्हणून गैरहजर मुलास हजर मांडणे, सोडून गेलेल्याचे नाव ठेवणे, पावतीवर एक व हाती दुसरे देणे, ही चोरीच आहे. आणि ती शाळेच्या भिंतीवर क्रूस असल्याने धुतली जात नाही. कैसराचे कैसरास द्यावे यात कैसराचा हिशेबही येतो.

पाचवे, जेथे आपली शाळा नाही तेथे जिल्हा परिषदेची शाळा परकी मानू नये. मुलांस नियमाने पाठवावे. पालकांच्या शाळा व्यवस्थापन समितीत बसावे. पाणी, शौचकूप, शिक्षकांची गैरहजेरी यांविषयी गावाबरोबर बोलावे. दानीएल राजाच्या शाळेत मागे राहिला नाही.

सहावे, प्रत्येक मंडळीने वर्षातून एकदा बैठकीत स्वतःस विचारावे: उद्या ग्रांट बंद झाली तर आपल्या मुलांच्या शिक्षणापैकी आपल्या हाती काय उरेल? शब्बाथ शाळा उरेल काय? रात्रीचा अभ्यासवर्ग, गरीब मुलाच्या पुस्तकांसाठी फंड, शिक्षकासाठी महिन्याची मूठ, यांपैकी काही उरेल काय? जे उरेल तेवढेच खरे आपले आहे. एज्राने राजाचे रुपे घेतले, पण वाटेवरच्या भरवशासाठी त्याने उपास केला. हे दोन्ही ज्या मंडळीस साधले तिला ग्रांटीची भीती नाही आणि ग्रांट जाण्याचीही भीती नाही.

अभ्यासासाठी प्रश्न

1. एज्राने राजाकडून काय घेतले व काय मागितले नाही? का?
2. 1854 च्या खलित्यात तपासनिसास कोणती मर्यादा घातली होती? तिचा लाभ व तिचा धोका सांगा.
3. आपल्या गावची शाळा कलम 28 च्या कोणत्या प्रकारात बसते?
4. गुजरातेतील मंडळीने ग्रांट व कर्तव्य यांपैकी काय निवडले? आपण त्या ठिकाणी असतो तर काय केले असते?
5. आपल्या मंडळीच्या मुलांस या आठवड्यात शास्त्र कोणी शिकविले? नावे सांगा.